कार्डावरची मोकळी जागा

नमस्कार. पत्रं आणि मोबाइल यांची सांगड घालणाऱ्या सहभागी कलेवर (म्हणजे सामान्य लोकही जी घडवण्यात हातभार लावतात अशा कलेवर) मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. हाताने कार्ड लिहायचं आणि त्याचा फोटो नेटवर टाकायचा हे निव्वळ स्मरणरंजन आहे, वयस्कर माणसं त्यात शोभेपुरती असतात आणि नाव होतं ते कलाकाराचं, असं तुमचं म्हणणं.

शोभेपुरतं बोलावणं मीही पाहिलंय, त्यावर वाद नाही. स्मरणरंजनाचं मात्र पटत नाही. फ्रँक वॉरन यांनी २००४ मध्ये अमेरिकेत ३००० पोस्टकार्डं छापून घेतली आणि अनोळखी लोकांना वाटायला सुरुवात केली: आपलं एक गुपित लिहा, नाव न घालता टपालाने पाठवा. पुढे ती कार्डं 'पोस्टसीक्रेट' या ब्लॉगवर येऊ लागली. कार्डाला लॉगिन लागत नाही, म्हणून मनातलं लिहायचा धीर होतो; आणि ब्लॉग असल्यामुळे तेच गुपित उराशी धरून बसलेल्या दुसऱ्या कुणाला ते सापडतं. इथे दोन्ही माध्यमं कामाला आली आहेत.

नोव्हेंबर १९८० मधलं 'होल इन स्पेस' तर मला फार जवळचं वाटतं. किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या कलाकारांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यालगत मोठे पडदे लावून ते उपग्रहाने जोडले. पाटी नाही, सूचना नाही. पहिल्या संध्याकाळी लोक चकित झाले, मग त्यांनी आपल्या माणसांना फोन केले, आणि तिसऱ्या संध्याकाळी वर्षानुवर्षं न भेटलेली कुटुंबं ठरवून समोरासमोर आली. त्या पडद्याचं काय करायचं ते लोकांनीच ठरवलं. २०२४ मध्ये डब्लिन आणि न्यूयॉर्क अशाच पडद्याने जोडली, तेव्हा काहींनी अचकटविचकट चाळे केले आणि तो काही दिवस बंद ठेवावा लागला. तरीही लोकांना मोकळीक द्यावी, याच मताची मी आहे.

आमच्या पत्र-मोबाइलच्या उपक्रमातल्या एक आजी हात थरथरतो म्हणून लिहीत नव्हत्या. त्यांनी मोबाइलवर निरोप रेकॉर्ड केला: आधी तारीख, मग 'पत्रास कारण की', आणि शेवटी 'सही' असं म्हणून स्वतःचं नाव. सतरा वर्षांच्या मुलीने तो ऐकून कार्डावर उतरवला. आजी जिथे थांबल्या तिथे तिने बोटभर जागा कोरी सोडली. तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. कार्ड परदेशात गेलं. ते मिळालेल्या बाईंना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी मजकुराचा अर्थ नंतर विचारला, आधी त्या कोऱ्या जागांचा.

एका बाबतीत तुम्ही मला पकडलंत: 'कार्ड आणि आवाज नेटवर टाकण्याआधी त्या आजींना विचारलं होतं का?' नव्हतं. चूक माझी. काल त्यांच्याकडे जाऊन सगळं दाखवलं. कार्डाचा फोटो राहू दे म्हणाल्या, आवाज काढून टाक. तो काढलाय.