अल्बानियाचे बंकर आणि साडेसात लाखांचा आकडा

अल्बानियातील काँक्रीटच्या घुमटांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात आणि त्यांच्याखाली थोड्याफार फरकाने एकच मजकूर असतो: दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले हे साडेसात लाख बंकर, म्हणजे दर चार माणसांमागे एक, एका वेड्या हुकूमशहाने बांधले, त्यांचा कधीच कोणाला उपयोग झाला नाही, आणि आज ते ओस पडलेले असल्यामुळे कोणीही खुशाल आत शिरून भटकावे. यातले प्रत्येक विधान चुकीचे तरी आहे किंवा अर्धवट तरी. शिवाय नवलाची गोष्ट म्हणून हा मजकूर पुढे ढकलला जातो, तेव्हा त्या देशातील लोकांनी जे सोसले ते त्यातून पार गळून पडते.

पहिली बाब आकड्याची. साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर उघड झालेल्या सरकारी कागदपत्रांनुसार मूळ योजना 2,21,143 बंकरांची होती आणि 1983 पर्यंत त्यांपैकी 1,73,371 बांधून झाले होते. अल्बानियाचे क्षेत्रफळ 28,748 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाहून थोडे कमीच. एवढ्याशा भूमीवर दर चौरस किलोमीटरला सरासरी सहा बंकर हे प्रमाण मुळातच थक्क करणारे असताना ते चौपटीहून अधिक फुगवून सांगण्याची गरज काय, हे मला खरोखर कळत नाही.

दुसरी बाब काळाची. इटलीने 1939 च्या एप्रिलमध्ये अल्बानिया बळकावला, 1943 मध्ये जर्मन सैन्य आले आणि 1944 च्या नोव्हेंबरअखेर ते हटले. छायाचित्रांतले घुमट मात्र त्यानंतर पाव शतकाने, मुख्यतः 1970 च्या दशकात आणि 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात उभारले गेले. ते युद्धाचे अवशेष नव्हेत. कधीच न आलेल्या युद्धाची ती तयारी होती.

‘वेड्या हुकूमशहाची लहर’ हे स्पष्टीकरण सर्वांत सोपे आहे आणि सर्वांत दिशाभूल करणारेही. अल्बानियाचे साम्यवादी हुकूमशहा एन्व्हर होजा यांची राजवट क्रूर होती यात शंका नाही, परंतु तिला वाटणाऱ्या भीतीला घडलेल्या घटनांचा आधार होता. 1948 मध्ये युगोस्लाव्हियाशी बिनसले. 1949 पासून पुढे काही वर्षे ब्रिटिश आणि अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी परागंदा अल्बानियनांना शस्त्रे देऊन देशात घुसवले. 1961 मध्ये सोव्हिएत संघाशी संबंध तुटले, 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे शिरल्यावर अल्बानिया वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत गटाच्या लष्करी आघाडीतून, रीतसर बाहेर पडला आणि 1978 मध्ये चीनची मदतही थांबली. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये अडकलेल्या या छोट्या देशाला त्यानंतर एकही मित्र उरला नाही.

शिवाय लहरीने पावणेदोन लाख बंकर उभे राहत नाहीत. त्यासाठी नियोजन, कारखाने आणि सक्ती लागते. एकदोन सैनिकांसाठीचा लहान बंकर कारखान्यात तयार होई: सुमारे तीन मीटर व्यासाचा घुमट, त्याला किल्ल्याच्या तटातील जंगीसारखी गोळीबाराची फट, आणि घुमटाखाली काँक्रीटचा पोकळ नळा. मोठ्या बंकराचा व्यास आठ मीटर असे. त्याच्या आठनऊ टनांच्या पाकळ्या जागेवर आणून, संत्र्याच्या फोडींप्रमाणे एकमेकींना भिडवून, काँक्रीटने सांधल्या जात. लोकांना घरे पुरत नसताना सिमेंट, पोलाद आणि मनुष्यबळ इकडे वळवले गेले. संरक्षणाच्या धोरणावर मतभेद दाखवणेही जिवावर बेतत होते: संरक्षणमंत्री बेचिर बल्लुकू यांना 1974 मध्ये पदावरून हटवण्यात आले आणि पुढच्या वर्षी देहदंड देण्यात आला. याला वेड म्हणून मोकळे होणे म्हणजे जबाबदारीचा प्रश्नच पुसून टाकणे होय, कारण ही योजना एका माणसाच्या डोक्यात नव्हे, तर संपूर्ण शासनयंत्रणेत मुरलेली होती. आणि त्याच यंत्रणेचे सीमारक्षक देश सोडू पाहणाऱ्या स्वतःच्या नागरिकांवर गोळ्या झाडत होते.

‘कधीच उपयोग झाला नाही’ हेही पूर्ण खरे नाही. ज्या आक्रमणासाठी ते बांधले ते झाले नाही, एवढेच म्हणता येईल. 1999 मध्ये कोसोव्होतील युद्धाच्या वेळी सर्बियन तोफांचे गोळे सीमेलगतच्या गावांवर पडू लागले, तेव्हा गावकरी याच बंकरांत लपले आणि काही निर्वासितांनीही त्यांचा आसरा घेतला. एरवी कोणी त्यांत गुरे बांधली, कोणी गवत साठवले, तर अनेकांनी आतल्या सळया भंगारात विकण्यासाठी घुमट फोडले.

राहिला भटकंतीचा मुद्दा, आणि इथे चुकीची माहिती थेट धोक्याची ठरते. 1997 च्या अराजकात शस्त्रकोठारे लुटली गेली आणि त्यांच्या आसपास न फुटलेला दारूगोळा विखुरला. राजधानी तिरानाजवळच्या डोंगरातील विसरल्या गेलेल्या कोठारांत मस्टर्ड वायूसह सुमारे 16 टन रासायनिक अस्त्रे सापडली. ती 2007 मध्ये नष्ट करण्यात आली. सेमानच्या किनाऱ्यावर वाळू खचून समुद्रात गेलेल्या बंकरांभोवती भोवरे तयार झाले आणि पोहणारे बुडाले. ते बंकर काढण्यासाठी 2009 मध्ये सैन्याला रणगाडे आणावे लागले. पोर्तो पालेर्मोच्या खडकात खोदलेला पाणबुड्यांचा बोगदा रस्त्यावरून स्पष्ट दिसतो, पण तो लष्करी मालमत्ता आहे आणि मोकळा दिसतो म्हणून आत शिरणे योग्य नाही.

ज्यांना आतून पाहायचे आहे त्यांच्यासाठी तिरानात बंक-आर्टची दोन संग्रहालये आहेत. पहिले 2014 मध्ये, राज्यकर्त्यांसाठी डोंगराच्या पोटात बांधलेल्या शंभराहून अधिक खोल्यांच्या बंकरात सुरू झाले. दुसरे गृहमंत्रालयाच्या भुयारात आहे आणि तेथे गुप्त पोलिसांनी केलेल्या छळाचा इतिहास मांडलेला आहे. त्याच्या प्रवेशद्वारावरचा, पर्यटक हटकून ज्याचे छायाचित्र घेतात तो घुमट जुना नाही. तो संग्रहालयासाठी नव्याने बांधला गेला आणि 2015 मध्ये निदर्शकांनी त्याची मोडतोड केली होती.