जवानांनो, डोळा जपून बिघडवा

फौजेत डोळा घालवायचाच असेल तर आधी साक्षीदार जमवा. सुरुंगाची किरच शिरली तर उत्तम: जागा, तारीख, वेळ, सगळं कागदावर येतं. डोळ्याच्या आतला पडदा सुटणं, काचबिंदू असले गुपचूप येणारे आजार आपल्याला परवडत नाहीत. काचबिंदू बहुधा दुखतही नाही. न दुखणाऱ्या गोष्टीची अपंगत्व पेन्शन मागायला जीभ कशी रेटते तुमची?

मेडिकल बोर्डापुढे तक्ता फार चांगला वाचू नका. अपंगत्वाची टक्केवारी २०च्या खाली गेली की तुम्ही डोळस.

आणि नानांना नमस्कार करा. घरात नाना म्हणजे आजोबा. आमच्या कागदावर ‘नाना’ म्हणजे आजार नोकरीमुळे झाला नाही, नोकरीमुळे वाढलाही नाही. गेल्या आठवड्यात पेन्शनसाठीच्या माझ्या दुसऱ्या अपिलाला हेच नाना भेटले. उत्तर एका ओळीचं: आजार प्रकृतीचा. अहो, भरतीच्या दिवशी दोन्ही डोळे ६/६ लिहिलेत, तुमच्याच डॉक्टरच्या अक्षरात! मग ही प्रकृती मी काय ट्रंकेत लपवून आणली होती? २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भरतीवेळी नोंद नसेल तर जवान धडधाकट आला असं धरायचं, आजाराचा नोकरीशी संबंध नाही हे सरकारनं सिद्ध करायचं, आणि डॉक्टरांनी कारण लिहायचं. माझ्या पत्रात कारण कुठंय? भिंग लावून शोधलं. आता भिंगच लागतं.

हयातीचा दाखला मोबाइलवर द्या, फार सोपं आहे. ॲप म्हणतं, डोळे मिचकवा. मिचकवतो की! पण ते कुठं म्हणतं, हे नातवानं वाचून दाखवावं लागतं.

न्यायाधिकरणात जरूर जा. जिंकलात तर सरकार वरच्या कोर्टात जाईल, तेवढाच प्रवास.

बास झाली थट्टा. नोकरीत असलेल्यांनो, डोळ्यापुढे काळे ठिपके, विजेसारखी चमक दिसली तर त्याच दिवशी सिक रिपोर्ट करा, लष्करी डॉक्टरकडे नोंद करवा. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा दर्जा, खाली जाईल म्हणून मी तीन आठवडे गप्प बसलो. गाढवपणा केला. पडदा सुटला आणि नोंदही नाही.

आणि साहेब, त्या ओळीखाली सही करताना तुम्ही फाइल उघडली तरी होती का? दुसऱ्याच पानावर आहे ते ६/६. तुम्हाला तर दोन्ही डोळ्यांनी दिसतं ना? मग वाचा.