आधी माझी सही मागणाऱ्यांसाठी

प्रेमविवाहाला आईवडिलांची सही सक्तीची करावी का, यावर आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या रणकंदन चाललंय. काही ग्रामपंचायतींनी तसे ठरावही केलेत. आमच्या दादाचं म्हणणं, ठराव कशाला, सरळ कायदाच करा. ‘अठराव्या वर्षी पोरींना काय कळतं?’ हे वाचल्यापासून माझं डोकं ठणकतंय.

दादा, ज्या जपानच्या शिस्तीचे गोडवे तू गातोस आणि जिथे मी राहते, तिथलं ऐक. इथे १८७६ पासून सज्ञान होण्याचं वय वीस होतं. वीस पूर्ण होण्याआधी लग्न करायचं तर घरच्यांची संमती लागायची. १ एप्रिल २०२२ ला ते वय अठरावर आणलं, मुलींच्या लग्नाचं किमान वय सोळाचं अठरा केलं आणि संमतीची अट गेली. आता कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, फॉर्म द्यायचा, दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या, की झालं लग्न. आपला सज्ञानतेचा कायदा १८७५ चा, त्यात मुळातच अठरा. म्हणजे जपान जिथे आत्ता पोचलं, तिथून आपण उलटे फिरायला निघालोय.

सज्ञान झाल्याचा सोहळा मात्र बहुतेक ठिकाणी अजून विसाव्या वर्षीच होतो, कारण अठराव्या वर्षीच्या जानेवारीत मुलं प्रवेशपरीक्षेत बुडालेली असतात. माझ्या लेकीचा यंदा झाला, जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी. पहाटे अंधारात आम्ही सलूनमध्ये. केस झाल्यावर एका बाईंनी फुरिसोदे, म्हणजे लांब बाह्यांचा किमोनो, नेसवला, ओबी हा कमरेचा रुंद पट्टा आवळला, तशी लेक म्हणाली, “आई, नऊवारी बरी गं याच्यापेक्षा!” टोकियोतल्या निशी-कासाई स्टेशनच्या जिन्यात ती घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या बाह्या दोन्ही हातांवर गोळा करून उतरत होती, आणि अनोळखी आज्या थांबून तिचं अभिनंदन करत होत्या.

युद्धातल्या पराभवानंतर, १९४६ साली, वाराबी नावाच्या गावाने खचलेल्या तरुणांना उभारी द्यायला असा मेळावा भरवला, तिथून ही प्रथा आली. १९४८ च्या सुट्ट्यांच्या कायद्यात तर लिहिलंय की हा दिवस मोठं झाल्याची जाणीव होऊन स्वतःच्या बळावर जगू पाहणाऱ्या तरुणांचं कौतुक करण्यासाठी आहे. कौतुक! सही नाही.

फोटो ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर: ‘अगदी नवरी दिसतेय, आता स्थळं बघायला घ्या.’ अहो, फुरिसोदे कुमारिकांचा पोशाख आहे, लग्नानंतर तो घालत नाहीत. पण आपल्याकडे मुलीचं मोठं होणं दुसऱ्या कशात मोजलंच नाही. आजीच्या काळी न्हाण आलं की मखरात बसवायचे, आणि त्यानंतर थेट सासर. मुलाला निदान मुंज तरी होती.

सोहळ्याचं वॉर्डाकडून निमंत्रण लेकीच्या नावाने पोस्टाने आलं, तेव्हा मला भरून आलं. पण त्याच वॉर्डात तिला मताचा अधिकार नाही, कारण पासपोर्ट भारताचा. भारतात नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला विमानाने जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. इथे तिला मोठी म्हणतात आणि परकी ठेवतात. तिथे ती आपली आहे, म्हणून तिच्या लग्नावर माझी सही हवी. इतकी वर्षं इथे राहूनही मला वाटत होतं, ते पत्र साताऱ्याहून यावं.

अजून वेळ गेलेली नाही, दादा. तिला फोन कर. स्थळाचं काढू नकोस. पुढे काय करायचं ठरवलंयस, एवढं विचार. तिने ठरवलंय, आणि ते तुला सांगायला ती उत्सुक आहे.