अकरा हेमी कुडांची गोष्ट आणि तिच्यातल्या चुका

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये सध्या एक मराठी मजकूर फार फिरतो आहे. सोबत 1971 सालच्या प्लायमाऊथ हेमी कुडा या उघड्या टपाच्या अमेरिकन गाडीचे छायाचित्र असते आणि खाली चार विधाने असतात. कंपनीने ही गाडी श्रीमंत संग्राहकांसाठी मुद्दाम फक्त 11 नगांत काढली. 1973 च्या तेलसंकटाने ती आणि तिच्यासारख्या सगळ्या ‘मसल कार’, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या दमदार गाड्या, एका फटक्यात संपवल्या. सरकारने कायदा करून त्यांच्या इंजिनांची ताकद रातोरात घटवली. आणि आज एखादी साधी कारही तिला मागे टाकते, तेव्हा तिचे आकर्षण म्हणजे निव्वळ दुर्मिळतेला आलेला भाव आहे. यातला 11 हा आकडा तेवढा सर्वसाधारणपणे मान्य आहे. बाकीचे जवळपास सगळे चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्यामुळे या गाड्यांच्या इतिहासातली सर्वांत विलक्षण गोष्टच वाचकापर्यंत पोहोचत नाही. मी गेली बरीच वर्षे डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला न चुकता जातो आणि या गाड्यांवर माझे मनापासून प्रेम आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिले विधान ‘मुद्दाम 11’ हे. मसल कार ही कल्पनाच मुळी स्वस्ताईची होती. 1964 साली पाँटिअ‍ॅकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे 389 घनइंची इंजिन बसवून ‘जीटीओ’ विकायला काढली. तिच्या मालक कंपनीच्या, म्हणजे जनरल मोटर्सच्या, नियमाने या आकाराच्या गाडीत एवढे मोठे इंजिन चालत नव्हते, म्हणून मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला स्वतंत्र मॉडेल न म्हणता ग्राहकाने वेगळे पैसे भरून घ्यायचा जोड-संच म्हटले. त्याची किंमत 300 डॉलरच्या आत होती. कंपनीला 5,000 गाड्या खपतील असे वाटत होते आणि पहिल्याच वर्षी 32,450 खपल्या. कारखान्यात नोकरी करणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलाला हप्त्यावर परवडावी हा या गाड्यांचा पाया होता. त्या जितक्या जास्त विकल्या जातील तितक्या डेट्रॉइटच्या कंपन्यांना हव्याच होत्या.

कुडाच्या बाबतीतही तेच घडत होते. 1971 सालची उघड्या टपाची कुडा सुमारे 3,400 डॉलरला मिळे आणि तिच्यात 426 घनइंची, म्हणजे जवळजवळ सात लिटरचे हेमी (अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे) इंजिन हवे असेल तर ग्राहकाला आणखी सुमारे 880 डॉलर मोजावे लागत. मागणीपत्रावर खूण केली, पैसे भरले, की गाडी मिळत असे. कोणाला नाही म्हटले गेले नाही. त्या वर्षी उघड्या टपाच्या कुडा एकूण 374 विकल्या गेल्या आणि त्यातल्या फक्त 11 गिऱ्हाइकांनी हेमीवर खूण केली. उरलेल्या 363 जणांपुढेही तोच कागद होता. त्यांनी ती खूण केली नाही याची कारणे अगदी व्यवहारी होती. तीन कार्बोरेटरचे 385 अश्वशक्तीचे 440 घनइंची इंजिन हेमीच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळत होते, रोजच्या वापरात ते जास्त समजूतदारपणे चालत होते आणि सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच्या चढाओढीत दोघांत फारसा फरक पडत नव्हता. शिवाय शर्यतीची आवड असणारा ग्राहक वजनाने हलकी आणि सांगाड्याने कणखर अशी बंद टपाची गाडी घेई, तर उघडा टप घेणारा उन्हाळी संध्याकाळी फिरायला घेई. दोन्ही आवडी एकाच माणसात असणे हीच दुर्मिळ गोष्ट होती. 1970 साली बंद टपाच्या हेमी कुडा 652 गेल्या आणि उघड्या टपाच्या 14, यातच सगळे आले.

कंपन्या नग मोजून गाड्या काढत नव्हत्या असे मात्र नाही, पण त्यांची मोजणी उलट्या दिशेची होती. गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेचा नियम होता, की शर्यतीत उतरवायची गाडी किमान अमुक इतक्या संख्येने सामान्य ग्राहकांना विकलेली असली पाहिजे. 1969 ची डॉज चार्जर डेटोना, म्हणजे बाणासारखे नाक आणि मागे उंच पंख असलेली ती गाडी, 503 नगांत निघाली कारण त्या वेळची अट 500 ची होती. मार्च 1970 मध्ये तिच्यातूनच बडी बेकरने टॅलाडेगाच्या ट्रॅकवर तासाला 200 मैलांचा, म्हणजे सुमारे 322 किलोमीटरचा टप्पा ओलांडला. 1970 साठी अट वाढली, तशा प्लायमाऊथने तिची बहीण शोभेल अशा सुपरबर्ड जवळपास 1,900 काढल्या. आज सोन्याच्या भावाने जाणाऱ्या त्या सुपरबर्ड तेव्हा शोरूमबाहेर धूळ खात पडल्या होत्या आणि काही विक्रेत्यांनी नाक आणि पंख उतरवून त्यांना प्लायमाऊथच्याच साध्या ‘रोड रनर’ गाडीचे तोंड बसवून विकून टाकले. 500 ही खालची मर्यादा होती, वरची नव्हे, हे संदेश लिहिणाऱ्याच्या ध्यानातच आलेले नाही.

याहून बोलके उदाहरण 1969 च्या कॅमेरो झेडएल-1 चे आहे. इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या लहानशा गावी फ्रेड गिब हा शेव्हरोलेचा विक्रेता होता. त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या 427 घनइंची इंजिनाच्या 50 कॅमेरो मागवल्या. गाड्या आल्या तेव्हा प्रत्येकीची किंमत 7,200 डॉलरच्या वर गेलेली होती आणि त्यातले 4,000 हून अधिक डॉलर एकट्या इंजिनाचे होते. गिऱ्हाईक मिळेना, म्हणून त्यातल्या बहुतेक गाड्या त्याला कंपनीकडे परत पाठवाव्या लागल्या. एकूण 69 बनल्या. आज ज्या गाडीसाठी लिलावात लोक हात वर करतात, ती गाडी त्या गावात उभी असताना तिच्याकडे पाठ फिरवून लोक घरी गेले होते.

दुसरे विधान तेलसंकटाचे. हे विधान पुस्तकी वाटते म्हणून लोकांना पटते, पण नुसते कॅलेंडर पाहिले तरी ते कोसळते. अरब देशांनी तेलबंदी लादली ती ऑक्टोबर 1973 मध्ये. हेमी इंजिनाची शेवटची गाडी 1971 च्या उन्हाळ्यात बनली आणि उघड्या टपाची कुडाही त्याच वर्षी बंद झाली. जनरल मोटर्सने तर 1971 च्या मॉडेलांपासूनच, कमी शिशाच्या पेट्रोलवर चालता यावे म्हणून, सगळ्या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो (आतले मिश्रण किती दाबले जाते ते प्रमाण) खाली आणला होता. म्हणजे दुखणे तेलबंदीच्या दोन-तीन वर्षे आधीच जडलेले होते, आणि त्यात सर्वांत मोठा हात विमा कंपन्यांचा होता. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गाडीचे वजन आणि अश्वशक्ती यांचे गुणोत्तर पाहून जादा हप्ता आकारायला सुरुवात केली आणि पंचविशीच्या आतल्या मुलाला तर हा हप्ता गाडीच्या मासिक हप्त्याच्या जोडीने डोईजड होऊ लागला. ज्याच्यासाठी या गाड्या निघाल्या होत्या त्यालाच त्या परवडेनाशा झाल्या. त्यात 1970 च्या अखेरीस स्वच्छ हवेचा कायदा आला आणि धुरावरच्या बंधनांचे वेळापत्रक समोर दिसू लागल्यावर, वर्षाला काहीशे गाड्यांत जाणारे इंजिन नव्या नियमांत बसवण्याचा खर्च प्लायमाऊथची मालक असलेल्या क्रायस्लरने केला नाही. बॅराकुडाचा (कुडा हे तिचेच दमदार रूप) खप 1970 मधल्या 50 हजारांहून अधिक गाड्यांवरून 1971 मध्ये 20 हजारांच्या आत आला, तेव्हा पेट्रोलपंपावर रांगा लागायला अजून दोन वर्षे होती. उलट पाँटिअ‍ॅकचे 455 घनइंची सुपर ड्यूटी इंजिन 1973 मध्ये सुमारे 300 फायरबर्ड गाड्यांत गेले आणि तेलबंदीच्या सावटाखालच्या 1974 च्या मॉडेलात सुमारे 1,000 गाड्यांत. 1979 साली फायरबर्डचेच रूप असलेल्या ट्रान्स अ‍ॅम 1 लाख 17 हजारांहून अधिक विकल्या गेल्या. त्यांची ताकद पूर्वीची नव्हती हे खरे, पण तेलाच्या भीतीने गिऱ्हाईक पळाले असे म्हणायला मग जागा उरत नाही.

तिसऱ्या विधानाबद्दल थोडक्यात. ताकद घटली, पण कागदावर दिसते तितकी नाही. 1971 पर्यंत जाहिरातीत छापली जाणारी अश्वशक्ती इंजिन गाडीबाहेर काढून, चाचणीच्या घोडीवर, एअर फिल्टर, अल्टरनेटर आणि सायलेन्सर यांच्याशिवाय मोजलेली असे. 1972 पासून हे सगळे जोडून मोजलेला आकडा छापला जाऊ लागला. एकाच 1971 च्या हेमीचा जुन्या पद्धतीने आकडा 425 येतो आणि नव्या पद्धतीने 350. मधल्या 75 अश्वशक्ती कोणत्याही सरकारने काढून घेतलेल्या नाहीत.

आता चौथे विधान, आणि हे मला खरोखर लागते. आजच्या पुष्कळ इलेक्ट्रिक कार हेमी कुडाला सहज हरवतील हे मान्य आहे. 1970 च्या चाचण्यांत तिला थांबलेल्या स्थितीतून ताशी 60 मैल गाठायला साडेपाच ते सहा सेकंद लागत, पाव मैलाला साडेतेरा-चौदा, आणि ब्रेकबद्दल तर न बोललेले बरे. पण यावरून आकर्षण खोटे ठरत नाही, कारण आकर्षण सेकंदांत कधी नव्हतेच. वुडवर्डवर दोन वर्षांपूर्वी माझ्यापुढे बंद टपाची एक हेमी कुडा उभी होती. या गाडीचा हवा घेणारा काळा डबा बॉनेटला नव्हे, थेट इंजिनाला जोडलेला असतो आणि बॉनेटला पाडलेल्या भोकातून वर डोकावतो. मालकाने उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबला आणि तो डबा इंजिनासकट एका कुशीला कलला, मग थरथरत जागेवर आला. बॉनेट जिथल्या तिथे स्थिर होते आणि त्याच्या मधोमध पावणेचारशे किलोंच्या लोखंडाचा श्वास उघड दिसत होता. रस्ता ओलांडायला निघालेली दोन-तीन माणसे तिथेच थबकली. जे आत चालले आहे ते बाहेर दिसते, ऐकू येते, आणि पायाखालच्या डांबरातून तळव्यांना कळते. ज्या गाडीत यंत्र झाकून गप्प बसवलेले असते तिच्यात हे नाही. त्यातून 1971 चे तोंड केवळ त्याच वर्षाचे आहे: जाळीत चार दिवे आणि पुढच्या मडगार्डांवर माशाच्या कल्ल्यांसारख्या चिरा. 1970 च्या आणि 1972 पासूनच्या गाड्यांना दोनच दिवे आहेत.

दुर्मिळता आणि आकर्षण या वेगळ्या गोष्टी असल्यामुळेच नकली गाड्यांचा प्रश्न उभा राहतो. साध्या बॅराकुडात हेमी बसवून हुबेहूब कुडा करता येते आणि वुडवर्डवर अशा गाड्याही मनापासून पाहिल्या जातात. खरी ओळख डॅशबोर्डवरच्या पट्टीत असते. 1971 च्या खऱ्या उघड्या टपाच्या हेमी कुडाचा चॅसी नंबर ‘बीएस-27-आर-1-बी’ असा सुरू होतो: 27 म्हणजे उघडा टप, आर म्हणजे 426 हेमी, 1 म्हणजे 1971 आणि शेवटचा बी म्हणजे डेट्रॉइटलगतच्या हॅमट्रॅमिकचा कारखाना. इंजिनखान्यातल्या पत्र्याच्या चिमुकल्या पाटीवर ‘ई 74’ कोरलेले असले पाहिजे. कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेला कारखान्यातला मूळ कागदही मिळतो. 2014 साली सिअ‍ॅटलच्या लिलावात यातली एक गाडी 35 लाख डॉलरला गेली, ती या एका ‘आर’ अक्षराच्या जोरावर. तो हॅमट्रॅमिकचा कारखाना 1981 मध्ये पाडला गेला आणि त्या जागेवर आज इलेक्ट्रिक हमर बनतात.

ज्यांना तो मजकूर पुढे पाठवायचाच आहे त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की त्यातल्या 11 या आकड्याशेजारी त्याच वर्षी विकल्या गेलेल्या 374 कुडांचा आकडाही लिहावा.