पोळीच्या फॉइलचा पंचनामा

बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर काळे ठिपके आले म्हणून सोसायटीला अर्ज दिला. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर जुलैत पाऊस आडवा येतो आणि आधी हीच भिंत धोपटतो. सेक्रेटरीकाका चपलांसकट बेडरूमपर्यंत आले, भिंतीकडे न बघता हवा हुंगली आणि म्हणाले, "ही गळती नाही. तुम्ही लोक श्वास फार घेता."

संताप याचा, की यात थोडं तथ्य असतं. श्वास, आंघोळ, कुकर आणि पंख्याखाली वाळणारे कपडे मिळून घरात दिवसाला कित्येक लिटर पाणी हवेत सोडतात. आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीचं फावतं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २५ अंशांच्या खाली गेलेल्या भिंतीला घाम फुटतो. पलीकडे शेजारी एसी १८ वर लावून झोपला की तेवढं पुरतं. पण या भिंतीपलीकडे शेजारी नाही, आकाश आहे.

"काका, फॉइल लावून बघू," मी म्हटलं. भिंत ड्रायरने कोरडी करायची, फूटभर फॉइल चारही कडांनी टेपने बंद करायचं आणि दोन दिवस थांबायचं. खोलीकडची बाजू ओली झाली तर दोष घरातल्या हवेचा. मागची ओली झाली तर पाणी भिंतीतून येतंय.

काकांनी फॉइल उजेडात धरलं. "हे पोळीचं ना?"

"हो."

"मग पोळीची वाफ असणार यात."

नवा रोल फोडला, तर टेपच्या चिकटपणावर शंका. शेवटी त्यांनी फॉइलवर मार्करने तारीख घातली, सही केली आणि वॉचमनला साक्षीदार म्हणून वर बोलावलं. बिचारा छत्री निथळत उभा राहिला. खोलीची आर्द्रता त्यानेच वाढवली असेल.

दोन दिवसांनी फॉइल काढलं. पुढून कोरडं, मागून थेंबच थेंब. काका थेंबांवरून बोट फिरवत म्हणाले, "म्हणजे भिंत ओली. भिंत कुणाच्या घरात आहे?"

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, हे मी सांगितलं. त्यावर त्यांनी कपाटात कापूर ठेवायला सांगितलं. कापूर काय, डांबराच्या गोळ्या काय, वास मारतात. पाण्याचा थेंब शोषत नाहीत. कॅल्शियम क्लोराइडचा डबा शोषतो, पण बंद कपाटात. उघड्या खोलीत त्याने ठाण्याचा पावसाळा आटवायचा म्हणजे कमालच. त्यापेक्षा कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढावं. आणि बाहेर धो-धो असताना "हवा खेळू द्या" म्हणत खिडक्या उघडू नयेत. तेव्हा येते ती ओलीच हवा. एसीचा ड्राय मोड बरा.

समितीने परवा भर पावसात रंगारी पाठवला, आतून एक हात मारायला. बुरशीवर मारलेला रंग पोपडे होऊन पडतो. आधी बाहेरची भेग बुजवायची, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मास्क लावून सैल पुट्टी खरवडायची, बुरशीनाशक लावायचं आणि मग प्रायमर. ब्लीच मुरलेल्या प्लास्टरात खोल जात नाही, आणि टॉयलेटच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रंगाऱ्याला हे सगळं पटलं. "पण साहेब, मला हजेरी आतल्या रंगाचीच मिळते," म्हणत त्याने डबा उघडला. बाहेरची भेग काका दिवाळीनंतर बघणार आहेत. रंगाचे पैसे मेन्टेनन्सच्या बिलात याच महिन्यात लागलेत, 'किरकोळ' या सदराखाली.