मायकोरायझा ड्रममध्ये वाढत नाही

जळगाव-धुळ्याकडील लिंबू-मोसंबी बागायतदारांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरत आहे. एक किलो मायकोरायझा (झाडांच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी), गूळ आणि बेसन २०० लिटर पाण्यात आठवडाभर भिजत ठेवावे म्हणजे बुरशी शेकडो पटींनी वाढते, ते पाणी ठिबकातून सोडल्यावर स्फुरदाचे (फॉस्फरसचे) खत कायमचे बंद करता येते, डिंक्या म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग बरा होतो आणि जुनी बागही नव्याने जोम धरते, असे त्यात म्हटले आहे. या बुरशीचे लिंबूवर्गीय झाडांशी असलेले नाते खरे आणि मोलाचे आहे. त्यामुळेच हा संदेश खोडून काढणे मला गरजेचे वाटते.

पहिला दावा मुळातच चुकीचा आहे. फळझाडांना उपयोगी पडणारी ही बुरशी आपले अन्न जिवंत मुळीतूनच घेते. गूळ आणि बेसन तिच्या कामाचे नाहीत. तिचे बीजाणू पाण्यात रुजले, तरी मूळ न सापडल्यास त्यांची वाढ थांबते. ड्रमवर चौथ्या-पाचव्या दिवशी जी पांढरी साय धरते आणि आंबूस वास सुटतो, ती यीस्टची, जिवाणूंची आणि इतर बुरशींची वाढ असते. ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी गुळावर वाढते, हे खरे. पण तो वेगळा जीव आहे आणि त्याची कृती इथे लागू पडत नाही. मायकोरायझा वाढवायचाच असेल, तर कुंडीत ज्वारी किंवा मका लावून त्यांच्या मुळांवर वाढवावा लागतो.

स्फुरदाच्या दाव्यात अर्धे सत्य आहे. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर केशमुळे थोडी आणि आखूड असतात, तर स्फुरद मातीत फार कमी सरकतो. त्यामुळे मुळीलगतच्या एक-दोन मिलिमीटर पट्ट्यातील स्फुरद लवकर संपतो, आणि बुरशीचे तंतू त्यापलीकडे काही सेंटिमीटर जाऊन स्फुरद, जस्त व तांबे आणून देतात. गिरणा-तापीच्या खोऱ्यातील चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद अडकून पडतो, म्हणून ही मदत मोठी आहे. परंतु बुरशी स्फुरद तयार करत नाही, असलेला पोहोचवते. तेव्हा खताचा निर्णय माती परीक्षणावरच व्हावा. उलट, डीएपी या स्फुरदयुक्त खताचा मारा चालू असेल तर झाड बुरशीला मुळीत फारसा थारा देत नाही. फ्लोरिडातील १९९३ च्या अभ्यासात तर भरपूर स्फुरद मिळालेल्या लिंबूवर्गीय रोपांची वाढ या बुरशीमुळे मंदावल्याचे आढळले, कारण झाडाची साखर तिच्या पोषणावर खर्च होत होती.

डिंक्याबाबतचा दावा सर्वांत घातक आहे. हा रोग फायटोफ्थोरा या मातीतील बुरशीसारख्या जीवाचा असून मायकोरायझा त्यावरचे औषध नाही. खोडाला पाणी लागू न देणारे दुहेरी आळे, मातीच्या वर राहिलेला कलमाचा डोळा, रोगट साल खरवडून लावलेली बोर्डो पेस्ट (मोरचूद व चुन्याचा लेप) आणि पाण्याचा निचरा हेच उपाय आहेत. ड्रमच्या भरवशावर गेलेला महिना झाडाला महागात पडतो.

जुन्या बागेविषयी थोडक्यात सांगायचे, तर कापूस, ज्वारी, केळी घेतलेल्या आपल्या जमिनींत ही बुरशी सहसा आधीच असते, त्यामुळे बाहेरून टाकलेल्या बुरशीचा फरक तिथे क्वचितच जाणवतो.

तिची खरी जागा रोपवाटिकेत आहे. अमेरिकेत धुरी देऊन निर्जंतुक केलेल्या रोपवाटिकांतील लिंबूवर्गीय रोपे खुजी राहत होती. मातीतील ही बुरशी मेल्यामुळे तसे होत होते, हे १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. आपल्याकडे रंगपूर किंवा जंबेरी लिंबाचे खुंट (ज्यांवर कलम बांधतात ती रोपे) उन्हाने तापवून घेतलेल्या माती-मिश्रणात वाढवले जातात, तिथेही हाच प्रश्न येतो. म्हणून पिशवी भरताना शिफारशीइतका मायकोरायझा बियांच्या किंवा मुळांच्या अगदी लगत द्यावा, डीएपी हात राखून वापरावे आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी टाळावी, कारण ती या बुरशीला मारक ठरते. त्याच मिश्रणाच्या काही पिशव्या मायकोरायझाविना शेजारीच ठेवल्या, तर आपल्या मातीत तिचा किती उपयोग होतो, हे कलम बांधण्याआधीच खुंटाच्या जाडीवरून कळेल.