सीएसआरचा फॉर्म आणि नीलम नगरातील चौदा आधार कार्डे

सोलापूरच्या नीलम नगरात राहणाऱ्या आणि गेली तीस वर्षे विड्या वळणाऱ्या माझ्या मावशीने मागच्या आठवड्यात मला व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश पुढे पाठवला आणि लगेच फोन करून विचारले, "तू कंपन्यांचे हिशेब बघतोस ना, मग हे आम्हाला आजवर का सांगितले नाहीस?" हाच संदेश त्याआधी दोन दिवसांत आमच्या कार्यालयातील शिपायाकडे, घरमालकांकडे आणि माझ्या बहिणीच्या शाळेच्या गटातही पोहोचलेला होता.

संदेश थोडक्यात असा. प्रत्येक कंपनीने नफ्याचे दोन टक्के सीएसआर (म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा खर्च) म्हणून स्थानिक जनतेला वाटणे कायद्याने बंधनकारक आहे. सोलापुरातील प्रत्येक कारखान्याकडे तुमचा वाटा पडून आहे. कंपन्या ही रक्कम लपवतात, सामान्य माणसाला ती कळण्याचा मार्ग नाही. न वाटलेला पैसा मालक खातात. महिला बचत गटाला यातून दोन लाख रुपये मिळतील, त्यासाठी प्रत्येक सदस्येने पाचशे रुपये नोंदणी शुल्क आणि आधार कार्डाची प्रत द्यावी, मुदत महिनाअखेरपर्यंत.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण नुकसान तिथे होते आहे. मी मावशीकडे गेलो तेव्हा मांडीवरचे सूप बाजूला ठेवून तिने फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला. त्यात आधार कार्डांच्या रबर लावलेल्या पाच झेरॉक्स प्रती होत्या आणि गटाच्या वहीच्या मागच्या पानावर चौदा नावे, त्यांपैकी नऊ नावांपुढे "दिले" असे लिहिलेले. म्हणजे साडेचार हजार रुपये आणि नऊ प्रती आधीच गेल्या होत्या. पावती म्हणून मिळालेल्या चिठ्ठीवर ना कंपनीचे नाव, ना पत्ता, ना क्रमांक. नुसता "सीएसआर नोंदणी" असा रबरी शिक्का. एक हजार विड्यांच्या मजुरीचा हिशेब पैशापैशाने ठेवणाऱ्या बायकांनी एवढ्या चिठ्ठीवर पाचशे रुपये काढून दिले, कारण संदेशात "कायदा" हा शब्द तीनदा आला होता.

म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट सांगतो. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू आहेत. त्यात व्यक्तीने किंवा बचत गटाने शुल्क भरून नोंदणी करण्याची आणि रोख वाटा घेण्याची कोणतीही तरतूद नाही. "सीएसआर १" नावाचा नोंदणीचा एक फॉर्म आहे, हे खरे. मात्र तो १ एप्रिल २०२१ पासून, कंपन्यांच्या वतीने प्रकल्प राबवणाऱ्या नोंदणीकृत न्यास, संस्था आणि ना-नफा कंपन्यांसाठी आहे, आणि तो केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ऑनलाइन भरला जातो. चौकात बसलेल्या माणसाकडे झेरॉक्स देऊन तो भरता येत नाही. कोणता प्रकल्प घ्यायचा हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते आणि तो कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील विषयांत बसावा लागतो: शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, उपजीविका, महिलांचे सक्षमीकरण वगैरे. बचत गटाला याचा लाभ मिळू शकतो, पण तो एखाद्या प्रकल्पातील प्रशिक्षणाच्या किंवा शिलाई यंत्राच्या रूपाने. माणशी पाचशे रुपये भरून नव्हे.

आता "प्रत्येक कंपनी" या दाव्याकडे वळतो. हे कलम त्याच कंपनीला लागू होते, जिचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे. आपल्याकडे चादरी आणि टॉवेल विणणारे बहुसंख्य यंत्रमाग कारखाने मालकीचे किंवा भागीदारीचे आहेत. ते कायद्याच्या भाषेत कंपनीच नाहीत, त्यामुळे अक्कलकोट रस्त्यावरील प्रत्येक पत्र्याच्या शेडमध्ये आपला वाटा अडकला आहे असे मानणे निराधार आहे. शिवाय दोन टक्के काढायचे ते मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यावर. हा सरासरी नफा ५ कोटी असेल तर रक्कम होते १० लाख, आणि संदेशातील दराने वाटायला बसले तर पाच बचत गटांत ती संपते. सोलापूर शहरात बचत गट किती आहेत याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला नाही.

"स्थानिक" या शब्दात मात्र अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कलम १३५ मध्येच लिहिले आहे. प्राधान्य म्हणजे वाटा नव्हे. हे निर्देश सक्तीचे नसून मार्गदर्शक आहेत, असा खुलासा मंत्रालयानेही केलेला आहे.

न वाटलेला पैसा मालक खातात, या आरोपाला एक परिच्छेद पुरे. २०२१ च्या जानेवारीपासून तरतूद बदललेली आहे. चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून तीन वर्षांत खर्चावी लागते, आणि प्रकल्प चालू नसेल तर ती सहा महिन्यांत अनुसूचीत सांगितलेल्या सरकारी निधीत भरावी लागते. तसे न केल्यास कंपनीला आणि जबाबदार अधिकाऱ्यांना दंड आहे.

सर्वांत जास्त राग मला "सामान्य माणसाला कळण्याचा मार्ग नाही" या वाक्याचा आला, कारण दलालाचा सारा धंदा याच वाक्यावर उभा आहे. कलम लागू असलेल्या कंपनीला दरवर्षी संचालकांच्या अहवालासोबत सीएसआरचा स्वतंत्र अहवाल जोडावा लागतो: किती खर्च करायचे होते, किती केले, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या संस्थेमार्फत. संकेतस्थळ असेल तर त्यावर सीएसआर समितीचे सदस्य, धोरण आणि मंजूर प्रकल्प टाकावे लागतात. केंद्र सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय आकडे विनामूल्य दिसतात.

त्याहून महत्त्वाचा दस्तऐवज सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा आहे. १० मे २०२१ च्या परिपत्रकाने सेबीने व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचा नमुना ठरवून दिला, आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना तो भरणे बंधनकारक आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प चालवणारी एनटीपीसी सूचिबद्ध आहे, तेव्हा तिचाही असा अहवाल कोणालाही उघडून पाहता येतो. या नमुन्यात नऊ तत्त्वे आहेत आणि चौथे तत्त्व हितसंबंधीयांविषयी, म्हणजे कंपनीच्या कामाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांच्याविषयी आहे. कंपनीने कोणते समाजघटक आपले हितसंबंधी मानले, त्यांतील कोणते दुर्बल आणि वंचित आहेत, त्यांच्याशी संवाद कशाने होतो (ईमेल, एसएमएस, वर्तमानपत्र, पत्रके, जाहिरात, सामूहिक बैठका, सूचना फलक, संकेतस्थळ), किती वेळा होतो आणि कशासाठी होतो, असे रकानेच त्यात आखून दिले आहेत. तक्रारींचा आणखी एक तक्ता आहे: यंत्रणा आहे का, वर्षात तक्रारी किती आल्या, किती प्रलंबित राहिल्या. त्या तक्त्यातील पहिली ओळ स्थानिक समुदायांची आहे. भागधारक त्यांच्यानंतर येतात.

इथे मला कंपन्यांविषयीही बोलले पाहिजे, कारण संदेश खोटा असला तरी तो रुजला ती जमीन त्यांनी मोकळी सोडलेली आहे. हे अहवाल शेकडो पानांचे आणि इंग्रजीत असतात, गुंतवणूकदार आणि मानांकन संस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. ज्या वस्तीसाठी खर्च झाला तिच्या वाट्याला फीत कापतानाचे छायाचित्र आणि भिंतीवरचा नामफलक येतो. किती वेळा संवाद होतो या रकान्यात अनेक कंपन्या "आवश्यकतेनुसार" एवढेच लिहून मोकळ्या होतात. समुदायाच्या तक्रारी "शून्य" असे वाचले की माझ्यासारख्या, वर्षभर तक्ते तपासणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की तक्रार नव्हती की ती कुठे करायची हे कोणाला ठाऊकच नव्हते. वार्षिक अहवालातील दोन पाने मराठीत छापून, गरज तिथे तेलुगू आणि कन्नडमध्येही छापून, प्रकल्पाच्या गावात आणि वस्तीत चिकटवायला फार खर्च येत नाही, आणि ती चिकटवलेली असती तर रबरी शिक्क्याची चिठ्ठी घेऊन फिरणाऱ्याला नीलम नगरात कोणी दारात उभे केले नसते.

साडेचार हजारांची तक्रार आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात दिली आहे. उरलेल्या पाच प्रती ज्यांच्या त्यांना परत केल्या. त्या संध्याकाळी मावशीच्या घरी, गटातील सहा-सात बायका जमलेल्या असताना, मी फोनवर एका सूचिबद्ध कंपनीचा अहवाल उघडला आणि चौथ्या तत्त्वाचा तक्ता मराठीत सांगत वाचून दाखवला. "स्थानिक समुदाय, सामूहिक बैठका, वार्षिक" या ओळीवर मावशीने मला थांबवले. "ही बैठक कुठे भरते?" तिने विचारले. अहवालात ते लिहिलेले नव्हते. संपर्काचा ईमेल मात्र पहिल्याच पानावर होता. पुढील बैठकीची तारीख आणि ठिकाण कळवावे, अशी चार ओळींची मराठी विनंती आम्ही तिथेच लिहिली, तिच्याखाली नंतर गटातील चौदाही जणींनी सह्या केल्या, आणि सोमवारी सकाळी कार्यालयात पोहोचल्यावर मी ती पाठवली.